टिंब, रेघ आणि औषधाची मात्रा

शिरवळहून मावशीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दोन दिवस तिला ताप होता. दवाखान्यात दाखवून ती घरी आली आणि संध्याकाळी तिच्या मोबाइलवर औषधांचा संदेश आला. चष्मा लावून तिने तो तीनदा वाचला आणि मग मला विचारले, ‘‘अरे, ‘ताप गोळी ६५० दोन तीन वेळा जेवणानंतर’ असं लिहिलंय. म्हणजे दोन गोळ्या तीन वेळा घ्यायच्या, की एकच गोळी दोन-तीन वेळा?’’

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देण्याआधी हिशेब केला आणि घाम फुटला. तापाची गोळी पॅरासिटामॉलची, ६५० मिलिग्रॅमची. एकेक गोळी दोनदा किंवा तीनदा घेतली तर दिवसाला १३०० ते १९५० मिलिग्रॅम औषध पोटात जाते. दोन गोळ्या तीन वेळा घेतल्या तर ३९०० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम धरतात. वय झालेले, वजन कमी असलेले, यकृताचा त्रास असलेले किंवा नीट जेवण न जाणारे रुग्ण असतील तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात. मावशी पंचाहत्तरीची, अंगाने काडी. तिला म्हटले, ‘‘आता एकच घे. सकाळी दवाखान्यात विचार, मगच पुढची.’’ सकाळी उत्तर आले ते असे: एक गोळी, दिवसातून दोन किंवा तीन वेळा, तीही ताप असेल तरच.

संदेशात चूक काहीच नव्हती. शब्द बरोबर, आकडा बरोबर. नव्हते ते फक्त एक चिन्ह. ‘दोन, तीन वेळा’ असा स्वल्पविराम असता तर एक अर्थ. ‘दोन-तीन वेळा’ अशी छोटी आडवी रेघ असती तर दुसरा. दोन्ही अर्थांत किमान दुपटीचे अंतर. मराठीत ‘मात्रा’ हा शब्द औषधाच्या प्रमाणालाही वापरतात आणि अक्षरावरच्या खुणेलाही. हा योगायोग असेल, पण मोबाइलच्या काळात या दोन मात्रा एकमेकींच्या फार जवळ आल्या आहेत.

महाबळेश्वरचा साहेब आणि मराठीचा पूर्णविराम

विरामचिन्हे आपल्याला इतकी सवयीची झाली आहेत की ती मराठीत कायमच होती असे वाटते. तसे नाही. पेशवाईतला बहुतेक कारभार मोडी लिपीत चाले. मोडी झरझर लिहायची लिपी. आधी ओळीची रेघ आखायची आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरे ओढत जायचे. दोन शब्दांत अंतर ठेवायची सक्ती नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. वाक्य कुठे संपले ते वाचणाऱ्याने अर्थावरून ताडायचे. सरावलेल्या कारकुनाला त्यात अडचण नसे. नवख्याची मात्र दमछाक होई. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाभोवतीची ‘ध चा मा’ ही आख्यायिका याच काळातली. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले म्हणतात. ऐतिहासिक खरेखोटेपणा बाजूला ठेवला, तरी एका अक्षराच्या फेराने माणूस जिवाला मुकतो ही भीती मराठी माणसाच्या बोलण्यात वाक्प्रचार होऊन बसली आहे.

संस्कृत पोथ्यांत दंड होता. एक उभी रेघ म्हणजे अर्धा श्लोक किंवा वाक्य संपले, दोन रेघा म्हणजे श्लोक संपला. पण आज आपण वापरतो ती स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही सारी मंडळी इंग्रजीच्या संपर्कातून आणि छापखान्याच्या वाटेने आली. ती मराठीत रुजवण्याचे श्रेय मुख्यतः मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते होते, १८४७ मध्ये त्यांचा इंग्रजी-मराठी कोश आला आणि १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक. कँडी १८७७ साली महाबळेश्वरला वारले. म्हणजे मराठीला थांबायला शिकवणाऱ्या या साहेबाने शेवटचा विराम घेतला तोही आपल्या सातारा जिल्ह्यातच.

हिंदीने वाक्याच्या शेवटी दंडच ठेवला; मराठीने टिंब घेतले. त्या टिंबाचे पुढे काय झाले, ते दवाखान्यात पाहायला मिळते.

पुढचे शून्य, मागचे शून्य

औषधाच्या चिठ्ठीत टिंब दोन कामे करते. वाक्य किंवा संक्षेप संपवते आणि दशांश दाखवते. दुसरे काम जोखमीचे. ‘.५ मिलिग्रॅम’ असे लिहिले आणि टिंब पुसट उमटले, तर वाचणारा ५ वाचतो. मात्रा दसपट. उलट कोणी फार काटेकोर होऊन ‘५.०’ लिहिले आणि टिंब दिसले नाही, तर ते ५० होते. पुन्हा दसपट. म्हणून औषधसुरक्षेचा जगभर मान्य झालेला नियम साधा आहे: दशांशाच्या पुढे शून्य असलेच पाहिजे, पूर्णांकाच्या मागे शून्य नसलेच पाहिजे. ‘०.५’ लिहा, ‘५.०’ लिहू नका. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये ‘वापरू नका’ अशी एक छोटी यादी काढली, तिच्यात या दोन्ही गोष्टी आहेत. त्याच यादीत इन्शुलिनच्या ‘युनिट’साठी लिहिले जाणारे इंग्रजी ‘यू’ हे अक्षरही आहे. घाईत लिहिलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि १० युनिटचे १०० होतात.

शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जनावरांच्या औषधात तर हे टिंब अधिकच मोलाचे, कारण तिथे बरीचशी औषधे वजनाच्या हिशेबाने देतात. जंतांवर आणि गोचिडांवर दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिनचे गाईसाठीचे नेहमीचे प्रमाण किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. ३०० किलोच्या गाईला ६० मिलिग्रॅम. टिंब हरवले आणि ०.२ चे २ झाले, तर ६०० मिलिग्रॅम. माणूस निदान मावशीसारखा फोन करून विचारतो. गाय विचारत नाही.

एवढ्याशा खुणेने किती मोठे नुकसान होऊ शकते याचे प्रसिद्ध उदाहरण आकाशातले आहे. शुक्राच्या दिशेने निघालेले अमेरिकेचे मरिनर-१ हे यान २२ जुलै १९६२ रोजी उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या आत भरकटले आणि जमिनीवरून आज्ञा देऊन ते नष्ट करावे लागले. मार्गदर्शनाचे समीकरण उतरवून घेताना एका चिन्हाच्या डोक्यावरची आडवी रेघ राहून गेली होती. ती रेघ ‘सरासरी काढलेले मूल्य घ्या’ असे सांगत होती. रेघ गेली, तसे संगणकाने बारीकसारीक चढउतारही खरे मानले आणि यानाला उगाचच इकडेतिकडे वळवले.

वैद्यकात टिंबासारखेच एक ग्रीक अक्षर घात करते, ते म्हणजे ‘म्यू’. मायक्रोग्रॅम दाखवायला ते वापरतात. थायरॉइडच्या गोळ्या २५, ५०, १०० अशा मायक्रोग्रॅममध्ये असतात. मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा भाग. जुन्या संगणकांवर ‘म्यू’ काढण्यासाठी खास चिन्हांचा फाँट लावत आणि आत प्रत्यक्षात रोमन ‘एम’च साठवलेला असे. मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला आणि तो फाँट तिथे नसला, की ‘म्यू’चे सरळ ‘एम’ होई आणि मायक्रोचे मिलि. म्हणून सुरक्षेचे नियम सांगतात की चिन्ह नको, ‘मायक्रोग्रॅम’ हा अख्खा शब्दच लिहा.

१-०-१ ची गंमत आणि धोका

आपल्याकडच्या डॉक्टरांची एक स्वतःची लेखनपद्धत आहे. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ‘१-१-१’ म्हणजे तिन्ही वेळा. सुटसुटीत पद्धत आहे आणि भाषेची अडचण नाही, म्हणून ती टिकली. कागदावर तिचा फारसा त्रास नव्हता. ती संगणकात शिरली आणि गडबड सुरू झाली.

तक्ते तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी आकड्यांत ‘१-१-१’ टाइप करून पाहा. ते आपणहून तारीख करून टाकते: १ जानेवारी २००१. ‘१-०-१’ मात्र तसेच राहते, कारण शून्यावा महिना नसतो. ‘१/२’, म्हणजे अर्धी गोळी, लिहायला जावे तर १ फेब्रुवारी उमटते. यंत्राच्या दृष्टीने छोटी रेघ आणि तिरपी रेघ ही तारखेची खूण आहे. माणूस संदर्भ पाहतो. यंत्र सवय पाहते.

ही करामत मोठ्या संशोधकांनाही भोवली आहे. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी होती. तक्त्यात टाकली की त्यांच्या तारखा होत. मेलबर्नच्या तीन संशोधकांनी २०१६ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’ या नियतकालिकात दाखवून दिले की नामांकित नियतकालिकांत ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या अशा याद्या जोडलेल्या होत्या, त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात हा घोटाळा होता. शेवटी सॉफ्टवेअर बदलण्याची वाट न पाहता जनुकांना नावे देणाऱ्या समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलली. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ झाले, ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’.

१॥ म्हणजे दीड

अर्ध्या गोळीवरून आठवले. मावशीकडे तिच्या सासऱ्यांची जमाखर्चाची एक जुनी वही आहे. तीत आकड्यांपुढे उभ्या रेघा दिसतात: १।, १॥, १॥।. नातवंडांना वाटले, हे श्लोकाचे दंड. पण ते अपूर्णांक आहेत. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. जुन्या मराठी पुस्तकांच्या किमती अशाच छापलेल्या असत. रुपयाचे सोळा आणे, पावलीचे चार, अधेलीचे आठ. या चौथाईच्या हिशेबाला या रेघा नेमक्या बसत. दशमान नाणी १९५७ मध्ये आली आणि रेघांची जागा टिंबाने घेतली.

गंमत म्हणजे विस्मरणात गेलेली ही चिन्हे आज संगणकात सुखरूप आहेत. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला एकेक क्रमांक देणारी ‘युनिकोड’ नावाची व्यवस्था आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची. उत्तर आणि पश्चिम भारतातल्या वह्यांमधल्या पाव, अर्धा, पाऊण आणि आण्यांच्या या खुणांना २००९ मध्ये तिच्यात स्वतंत्र जागा मिळाली. मोडी लिपी २०१४ मध्ये आली. तिच्यात दंड आहेत, संक्षेपाची खूण आहे आणि ‘हुवा’ नावाचे एक चिन्हही आहे. आपल्या रुपयाचे ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेले. इतक्या झटपट जागा मिळालेली चिन्हे थोडीच.

मराठीला अर्ध्या गोळीसाठी खरे तर चिन्हाची गरजच नाही. पाव, अर्धी, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे नेमके शब्द आपल्याकडे आहेत. ‘दीड चमचा’ या दोन शब्दांत कुठलेही टिंब हरवत नाही आणि कुठलीही तारीख होत नाही.

दिसते एक, असते दुसरे

डिजिटल मजकुराचा स्वभाव एकदा कळला की पुढचे घोटाळे समजायला सोपे जातात. कागदावर चिन्ह म्हणजे शाईची आकृती. संगणकात चिन्ह म्हणजे क्रमांक. आकृती हा त्याचा नुसता मुखवटा. दोन वेगळ्या क्रमांकांचे मुखवटे सारखे असले, तर माणसाला फरक दिसत नाही आणि यंत्राला दिसल्याशिवाय राहत नाही.

विसर्ग आणि अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबांचा ‘:’, हे याचे रोजचे उदाहरण. आरोग्य शिबिराच्या जाहिरातीत ‘निःशुल्क तपासणी’ लिहायचे असते. पुष्कळ जण विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप करतात. दिसायला तेच. पण यंत्राच्या लेखी शब्द ‘नि’पाशी तुटला. कोणी ‘निःशुल्क’ शोधले तर ती जाहिरात सापडत नाही. ‘दुःख’, ‘अंतःकरण’ यांचेही तेच. उलट ‘वेळः सकाळी १०’ असे लिहिणारेही आहेत, कारण मोबाइलच्या मराठी कळफलकावर विसर्ग हाताशी असतो आणि अपूर्णविरामासाठी दुसरे पान उघडावे लागते. डोळसांना यात काही बिघडलेले दिसत नाही. पण दृष्टिहीन माणूस पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतो. ते ‘वेळः’मध्ये दिसेल तो विसर्गच उच्चारायला जाते.

काही चिन्हे तर दिसतच नाहीत. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र हा मराठीचा खास दागिना. संस्कृतातला रफार अक्षराच्या डोक्यावर चढतो. हा र समोर आडवा बसतो. फरक केवळ दिसण्याचा नाही. आचार्यांना जेवायला बोलावणे वेगळे आणि आचाऱ्यांना बोलावणे वेगळे. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे खंबाटकी ओलांडताना दिसतात त्या. हा आडवा र संगणकात दोन प्रकारे काढता येतो. एक, त्यासाठी असलेले ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून. सरकारमान्य इन्स्क्रिप्ट कळफलकावर ते आहे. दुसरा, साध्या र ला हलन्त देऊन त्याच्यापुढे ‘शून्य रुंदीचा जोडक’ नावाचे एक अदृश्य चिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही ‘कऱ्हाड’ जुळ्या भावांसारखे दिसतात. पण एका पद्धतीने नोंदलेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर साधा शोध ‘नोंद नाही’ असे सांगू शकतो.

‘ॲ’चे असेच. ॲलर्जी, ॲनिमिया, ॲसिडिटी, ॲस्पिरिन. दवाखान्यातले निम्मे शब्द याच अक्षराने सुरू होतात की काय असे वाटावे. ‘ॲ’ हे जोडीचे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधी लोक ‘ऍ’ लिहीत किंवा अ वर चंद्र वेगळा चढवत. आजही तिन्ही प्रकार चालू आहेत. रुग्णाच्या नोंदीत ‘ऍलर्जी’ लिहिलेले असेल आणि शोधणारा ‘ॲलर्जी’ टाइप करील, तर पेनिसिलिन चालत नसल्याची नोंद समोर येईलच याचा भरवसा नाही. शोधयंत्रणा चांगली असेल तर ती असे जुळे एकत्र करून घेते. सगळ्याच यंत्रणा तेवढ्या चांगल्या नसतात.

अदृश्य चिन्हांची ताकद २०१८ च्या फेब्रुवारीत जगाने पाहिली. तेलुगूतले एक जोडाक्षर आणि त्यात दडलेले एक न दिसणारे चिन्ह संदेशात आले, की आयफोनमधली ॲप धडाधड बंद पडत. अक्षरे कशी जुळवायची हे ठरवताना सॉफ्टवेअर गोंधळून जाई. ॲपलने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. या कुळाचे एक चांगले कामही आहे. मोबाइलवर स्टेथोस्कोप घातलेल्या डॉक्टरीणबाईचे चित्र दिसते ना, ते एक चित्र नसतेच. आधी बाईचे चित्र, मग वैद्यकाची सर्पदंडाची खूण, आणि दोघांना जोडणारा तोच ‘शून्य रुंदीचा जोडक’. कऱ्हाडचा र आणि मोबाइलमधल्या डॉक्टरीणबाई एकाच अदृश्य धाग्याने बांधल्या आहेत.

कोणती चिन्हे जगतात

नवी विरामचिन्हे काढण्याचा खटाटोप माणसाने पुष्कळदा केला. अमेरिकेतले जाहिरातव्यावसायिक मार्टिन स्पेक्टर यांनी १९६२ मध्ये प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह एकत्र करून ‽ असे चिन्ह सुचवले. ‘काय सांगतोस काय’ हा आपला भाव त्यात नेमका बसतो. काही टाइपरायटरवर त्याची कळही बसली, पण ते रुळले नाही. उपरोध दाखवणारे चिन्ह फ्रान्समध्ये १८९९ मध्ये सुचवले गेले, तेही मागे पडले. याउलट ‘@’ ही व्यापाऱ्यांची जुनी दरवाचक खूण रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये ईमेलच्या पत्त्यात घातली आणि ती घरोघर पोचली. ‘#’ चेही तसेच; ती २००७ पासून विषयाची खूण झाली. स्कॉट फालमन या संगणकतज्ज्ञाने १९ सप्टेंबर १९८२ रोजी ‘:-)’ असा तीन चिन्हांचा हसरा चेहरा सुचवला. तिन्ही चिन्हे आधीच कळफलकावर होती, म्हणून तो टिकला. कळफलकावर बोटाला सापडेल तेच चिन्ह जगते. ‘आईऽऽ गं’मधला अवग्रह आपण मोबाइलवर शोधत बसत नाही, ‘आईईई’ लिहून मोकळे होतो.

जुन्या चिन्हांचे अर्थही बदलत आहेत. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या सेलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १२६ विद्यार्थ्यांना छोटी संभाषणे वाचायला दिली. मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला, की ते उत्तर मुलांना कमी मनापासूनचे वाटले. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असले तर फरक पडला नाही. म्हणजे कँडीसाहेबांचे टिंब आता कपाळावरची आठी झाले आहे. उलट वडीलधारी मंडळी सवयीने तीन टिंबे देतात. ‘रिपोर्ट आला...’ एवढेच वडिलांकडून आले, की दूरगावी नोकरी करणाऱ्या मुलाची झोप उडते. वडिलांना म्हणायचे असते, रिपोर्ट आला, चांगला आहे, सवडीने फोन कर.

संदेश लिहिताना, वाचताना

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांतल्या टाळता येण्याजोग्या चुका कमी करण्याची मोहीम जाहीर केली, तेव्हा अशा चुकांचा जगावरचा खर्च वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज दिला होता. आपल्याकडेही डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहावे असा नियम २०१६ मध्ये झाला. पण चिठ्ठी आता कागदावरून मोबाइलवर आली आहे. साध्या एसएमएसमध्ये रोमन अक्षरे १६० मावतात, मराठीत लिहिले की ७० च. त्यातही ‘गोळ्या’ हा दोन अक्षरी दिसणारा शब्द सहा चिन्हांचा असतो. मग काटकसर विरामचिन्हांपासून सुरू होते. बोलून टाइप केले तर बहुतेकदा ती उमटतच नाहीत. म्हणून काही सवयी लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने लावून घ्याव्यात.

• गोळ्या किती आणि वेळा किती, हे दोन आकडे कधीही शेजारी ठेवू नका. ‘एका वेळी १ गोळी. दिवसातून ३ वेळा: सकाळी, दुपारी, रात्री.’ असे लिहा.

• ‘०.५’ लिहा, ‘.५’ नको. ‘५’ लिहा, ‘५.०’ नको.

• अर्धी, पाव, दीड हे शब्दांत लिहा. मायक्रोग्रॅम, युनिट हेही पूर्ण शब्दांत.

• ‘१-०-१’ दिसले तर औषध घेण्याआधी त्याचा अर्थ विचारून घ्या. त्याच कागदावर ‘सकाळ-रात्र’ असे लिहून ठेवा.

• प्रत्येक औषध नव्या ओळीवर. एका ओळीत तीन औषधे असली की कुठला आकडा कोणाचा ते कळत नाही.

• दवाखान्यात नावाने नोंद सापडत नसेल तर घाबरू नका. मोबाइल क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक सांगा, नावाचे वेगळे लेखन करून पाहायला सांगा. ॲलर्जी असेल तर ती नोंदीवर विसंबून न राहता दरवेळी तोंडी सांगा.

• दोन अर्थ निघत असतील तर अंदाज करू नका. विचारणे हे अडाणीपणाचे लक्षण नाही.

मावशीने यातले शेवटचे आधीच केले होते. बाकीचे तिने तिच्या पद्धतीने केले. ताप उतरल्यावर तिला भेटायला शिरवळला गेलो, तेव्हा गोळ्यांच्या पाकिटावर तिने बॉलपेनने ठसठशीत लिहिलेले दिसले: ‘एकच. ताप असेल तर.’ दोन्ही पूर्णविराम जागच्या जागी होते.